छातीतली गाठ आणि रक्ताची एक नळी

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटू नये अशा बेताने त्याचा सारांश येथे देत आहे.

त्यांचे यजमान ६४ वर्षांचे असून बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी पंचवीस वर्षे सिगारेट ओढली आणि आठ वर्षांपूर्वी सोडली. तिशीत त्यांना टी.बी. झाला होता, त्याचा उपचार पूर्ण केला होता. २०२१ मध्ये करोना झाला, 'सीटी स्कोर नऊ होता, पण घरीच बरे झाले.' यंदा हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या एक्स-रेमध्ये डाग दिसला, म्हणून सीटी स्कॅन केला. त्यात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ११ मिलीमीटरची घन गाठ आढळली. तिची कड गुळगुळीत आहे आणि तिच्यात कॅल्शियम नाही. छातीच्या डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले: तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, पेट स्कॅन किंवा सुईने तुकडा काढून तपासणी. घरच्या जुन्या डॉक्टरांचे म्हणणे, सहा महिने टी.बी.ची औषधे देऊन पाहू. भगिनींनी कोणाला न विचारता एका लॅबमधून 'कॅन्सर मार्कर'चे पॅकेज करून घेतले. त्यात सीईए (काही कर्करोगांत रक्तात वाढणारे एक प्रथिन) ४.६ आले आणि तो आकडा ठळक अक्षरांत छापलेला होता. अमेरिकेतला भाचा सांगतो की, तिकडे गाठ साधी की कॅन्सरची हे रक्तातून सांगणारी चाचणी निघाली आहे, दिवाळीनंतर तुम्ही येणारच आहात तेव्हा करून घेऊ. यजमान म्हणतात, "तो जुन्या टी.बी.चा डाग आहे, मला काही करायचे नाही." भगिनी विचारतात: "एका नळीभर रक्तातून कळत असेल, तर यांच्या छातीत सुई कशाला खुपसायची? आणि तीन महिने हातावर हात ठेवून बसायचे तरी कसे?"

ताई,

तुमचा प्रश्न भाबडा नाही. सुई न टोचता, छाती न उघडता गाठीचा स्वभाव कळावा म्हणून जगभरातले संशोधक कित्येक वर्षे झटत आहेत, आणि तुमच्या भाच्याने सांगितलेली चाचणी खरोखरच अस्तित्वात आहे. माझे सारे आयुष्य पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांच्या सोबतीने गेले, त्यामुळे रक्त किती सांगते हे मला ठाऊक आहे. पण ते कुठे गप्प बसते तेही तितकेच ठाऊक आहे, आणि आज मला तुमच्याशी मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे.

रक्ततपासणी म्हटले की आपल्या मनात मलेरिया किंवा साखर असते. मलेरियाचा जंतू रक्तातच असतो, साखर रक्तातच असते, म्हणून तिथे 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर मिळते. गाठ मात्र फुफ्फुसात आहे आणि ती अवघी ११ मिलीमीटरची, म्हणजे साधारण वाटाण्याएवढी आहे. तिचा जो काही पुसट ठसा रक्तात उमटत असेल, त्यावरून अंदाज बांधायचा असतो. भाच्याने सांगितलेली चाचणी बहुधा 'नोडिफाय एक्सएल-टू' असावी. ती रक्तातल्या दोन प्रथिनांचे परस्परप्रमाण मोजते आणि त्यात रुग्णाचे वय, धूम्रपान, गाठीचा व्यास, तिची कड आणि तिची जागा या पाच गोष्टी मिसळून उत्तर देते. म्हणजे ते उत्तर निव्वळ रक्ताचे नसते. सीटीच्या अहवालात तुम्ही जे आधीच वाचले आहे, त्याचाही त्यात वाटा असतो.

आता थोडे आकडे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हा निर्णय घेता येणार नाही. या चाचणीचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८ ते ३० मिलीमीटरच्या गाठी असलेले आणि कर्करोगाची शक्यता निम्म्याहून अधिक न वाटणारे १७८ जण होते. गाठ कर्करोगाची असताना चाचणीने तिला 'साधी' म्हणून सोडून देण्याचे प्रमाण त्यात जेमतेम ३ टक्के निघाले, आणि खरोखर साध्या असलेल्या गाठींपैकी ४४ टक्के तिने ओळखल्या. ऐकायला हे फार चांगले वाटते, आणि ठरावीक कामापुरते ते चांगले आहेही. पण तुमच्या यजमानांसारख्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो, ते पाहू. मेयो क्लिनिकमध्ये १९९७ साली बसवलेले एक सूत्र डॉक्टर आजही वापरतात. वय, धूम्रपान, पूर्वीचा कर्करोग, गाठीचा व्यास, कडेवरचे काटे आणि गाठ फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे का, या सहा गोष्टी त्यात घालायच्या असतात. पत्रातली माहिती मी त्यात घातली, तेव्हा कर्करोगाची शक्यता शंभरात साधारण वीस इतकी आली. ही शक्यता दुर्लक्ष करण्याएवढी कमी नाही, पण शंभरातल्या ऐंशी वेळा गाठ साधीच निघेल, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

समजा, अशाच एक हजार माणसांचे रक्त तपासले. त्यांपैकी दोनशेंना कर्करोग असेल आणि आठशेंची गाठ साधी असेल. चाचणी या आठशेंपैकी सुमारे साडेतीनशेंना 'साधी' म्हणेल आणि कर्करोगाच्या दोनशेंपैकी सहा जणही चुकून त्याच रांगेत जाऊन बसतील. म्हणजे 'साधी' असा निकाल आला, तर शंका शंभरात वीसवरून दोनच्या आसपास उतरते. मात्र उरलेल्या सुमारे साडेसहाशेंचे काय? त्यांत सुमारे १९४ जणांना कर्करोग असेल आणि साडेचारशेंची गाठ साधी असेल. तेव्हा चाचणीने 'साधी' असे म्हटले नाही, तर शंका विसावरून जेमतेम तिसापर्यंत चढते. ज्या निकालाची तुम्हाला एवढी धास्ती आहे तो आला, तरी दहांतल्या सातांची गाठ साधीच असेल आणि पुढे पेट स्कॅन किंवा सुई टळणार नाहीच. या चाचणीचे काम शंका उतरवण्याचे आहे, कर्करोग सिद्ध करण्याचे नाही, हे तिथले डॉक्टरही मानतात.

शिवाय मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आहे. तो अभ्यास अमेरिकेतला आहे. तिथल्या मोठ्या भागात फुफ्फुसांतल्या साध्या गाठी अनेकदा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीमुळे होतात, तर आपल्याकडे टी.बी.मुळे. चाचणीतल्या दोन प्रथिनांपैकी एक मॅक्रोफेज या भक्षक पेशींशी संबंधित आहे, आणि टी.बी.ची गाठ तर प्रामुख्याने याच पेशींची बनलेली असते. टी.बी. होऊन गेलेल्या भारतीय माणसाच्या रक्तात या चाचणीचे गणित तसेच्या तसे लागू पडेल, असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते. मेयोच्या सूत्रालाही हाच आक्षेप लागू आहे, म्हणून माझा 'वीस' हा आकडा ढोबळच समजावा.

भाच्याने कदाचित दुसऱ्या एका चाचणीचेही नाव घेतले असेल. तिच्यात कर्करोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली सात प्रकारची प्रतिपिंडे शोधतात. या चाचणीचा स्वभाव पहिलीच्या अगदी उलट आहे: ती होकारार्थी आली तर शंका वाढते, पण कर्करोग असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत ती नकारार्थीच येते, त्यामुळे तिच्या नकारावर विसंबणे घातक ठरते. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये या चाचणीचा कस लावला आणि घन गाठींच्या तपासणीत तिची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. 'लिक्विड बायोप्सी', म्हणजे रक्तात उतरलेले गाठीचे अंश शोधणारी तपासणी, हा शब्दही हल्ली वारंवार कानावर पडतो. मात्र तिचा मुख्य उपयोग कर्करोगाचे निदान झाल्यावर कोणते औषध लागू पडेल हे ठरवण्यासाठी होतो, कारण वाटाण्याएवढ्या गाठीतून रक्तात उतरणारा अंश बहुधा इतका थोडा असतो की तो हाती लागत नाही.

आणि तुमच्या हातातला तो ४.६? ताई, त्या आकड्याने तुमची झोप उडवली आहे, आणि याबद्दल मला माझ्याच व्यवसायाचे वाईट वाटते. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेले असते, यकृताच्या आणि आतड्याच्या साध्या विकारांतही वाढते. बहुतेक प्रयोगशाळा धूम्रपान करणाऱ्यांसाठी आणि न करणाऱ्यांसाठी वेगळी मर्यादा छापतात, पण माणूस कोणत्या गटातला हे यंत्राला कळत नाही. तो ठळक ठसा यंत्राने मारला आहे, तुमच्या यजमानांकडे पाहून कोणी मारलेला नाही. सुरुवातीच्या अवस्थेतल्या फुफ्फुसाच्या कर्करोगात सीईए पुष्कळदा सामान्यही असते, त्यामुळे तो २ आला असता तरी मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हटले नसते. हे पॅकेज पुन्हा करू नका. वाचकांपैकी कोणी सणासुदीच्या सवलतीत 'कॅन्सर मार्कर' करून घेण्याच्या विचारात असेल, तर त्यांनाही माझे हेच सांगणे आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हातावर हात ठेवून बसण्याचा. तीन महिने थांबणे म्हणजे काहीच न करणे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला ते तसे वाटत नाही, कारण काळ हीसुद्धा एक चाचणी आहे. घन कर्करोगाच्या गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला बहुधा १०० ते ४०० दिवस लागतात. गोल गाठीचे आकारमान दुप्पट होते तेव्हा तिचा व्यास केवळ चौथाईने वाढतो, म्हणजे ११ मिलीमीटरचे जवळपास १४ होतात. हा फरक महिन्याभरात दिसणार नाही. दिसला असे वाटले, तरी तो मोजणाऱ्याच्या हाताचा फरक असू शकतो. तीन महिन्यांनंतर मात्र तो विश्वासाने मोजता येऊ लागतो. डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले तेव्हा त्यांना काही सुचत नसावे, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. वस्तुस्थिती अशी की, ८ मिलीमीटरहून मोठ्या घन गाठीसाठी फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत नेमके हेच तीन पर्याय आहेत. तुमचे डॉक्टर वाट चुकलेले नाहीत. तीनांपैकी कोणती वाट धरायची हे त्यांना तुमच्या सोबत ठरवायचे आहे, आणि तिथे तुमच्या यजमानांचे मतही मोजले जायला हवे.

तुमचे यजमान 'जुन्या टी.बी.चा डाग' म्हणतात, त्यात तथ्य असू शकते. वरचा भाग हे टी.बी.चेही नेहमीचे ठिकाण आहे. परंतु फुफ्फुसाचा कर्करोगही त्याच भागात अधिक होतो, आणि टी.बी. होऊन गेलेल्यांत या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे अधिक आढळते. इतक्या जुन्या टी.बी.च्या गाठीत बहुधा कॅल्शियम साठलेले असते, आणि ते इथे नाही. त्यामुळे टी.बी.चा इतिहास हा दिलासा आहे तितकाच जागे राहण्याचे कारणही आहे. याच कारणाने घरच्या डॉक्टरांच्या सूचनेशी मी सहमत नाही. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण थुंकीत जंतू सापडलेला नसताना, ताप-खोकला नसताना, केवळ अंदाजाने सहा महिने टी.बी.ची औषधे दिली, तर ती गाठ कर्करोगाची असल्यास तेच सहा महिने हातचे जातात. आपल्या देशात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान उशिरा होण्यामागे हे एक मोठे कारण आहे, आणि उशिरा आलेल्या अशा किती तरी गाठी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. त्या आठवणीने आजही जीव हळहळतो.

पेट स्कॅनविषयी थोडक्यात. ज्या पेशी साखर भराभर खातात त्या त्यात उजळतात. कर्करोगाच्या पेशी उजळतात, पण धुगधुगी असलेल्या टी.बी.च्या गाठीही उजळतात. गाठ अंधारी राहिली तर पुष्कळ दिलासा मिळेल. उजळली तर सुई लागेल, एवढेच ठरेल.

आणि सुई. तिची तुम्हाला भीती वाटते, ती मी खोटी ठरवणार नाही. काही जणांच्या छातीत हवा शिरते. बहुतेकांत ती आपोआप जिरते, थोड्यांना एक-दोन दिवस नळी ठेवावी लागते. तरीही 'ही गाठ काय आहे' या प्रश्नाचे थेट उत्तर आजमितीला केवळ तुकडाच देऊ शकतो. तुकडा काढायचे ठरलेच, तर एक गोष्ट आग्रहाने सांगा: सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवू नये, त्यातला थोडा भाग सलाइनमध्ये टी.बी.च्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) आणि सीबीनॅटसाठी (जंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीसाठी) स्वतंत्र पाठवावा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो आणि मग कल्चर करता येत नाही. मी प्रयोगशाळेत असताना ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की, कोणी विचारो न विचारो, मी ती सांगतच असतो. अहवाल आल्यावर 'कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत' आणि 'टी.बी.ची गाठ आढळली' या दोन वाक्यांतला फरकही ध्यानात ठेवा. पहिल्यात सुई गाठीत शिरलीच नव्हती, ही शक्यता उरते.

मग तुमच्या भाच्याची चाचणी करायची की नाही? कोणतीही चाचणी करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवत असे: निकाल असा आला तर काय करू आणि तसा आला तर काय करू? दोन्ही उत्तरे एकच असतील, तर रक्त काढू नये. तुमच्या बाबतीत निकाल 'साधी' आला, तरी धूम्रपानाचा आणि टी.बी.चा इतिहास पाहता तीन महिन्यांचा सीटी मी टाळू देणार नाही. आणि 'साधी' आला नाही, तर पेट किंवा सुईकडे जावे लागेल, जे आजही करता येण्यासारखे आहे. म्हणून माझे मत, ही चाचणी तुम्हाला फारशी उपयोगाची नाही, आणि तिच्यासाठी दिवाळीपर्यंत थांबणे तर मुळीच योग्य नाही. ज्याला दुसऱ्या गंभीर आजारामुळे सुई टोचणे जोखमीचे आहे, ज्याच्याबद्दलची शंका मुळातच थोडी आहे आणि जो पुढचे सीटी नेमाने करणार आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत तिकडच्या डॉक्टरांनी ती सुचवली, तर मी आक्षेप घेणार नाही. भाच्याने मायेपोटीच सुचवले आहे. त्याला हे पत्र वाचून दाखवा.

यजमानांशी बोलताना 'कॅन्सर असेल तर' अशी सुरुवात नको. ते नकार देतात तो चाचणीला नसून त्या शब्दाला असावा, असे मला पत्रावरून वाटते. तिशीत टी.बी. झालेल्या माणसाने त्या काळी रोज इंजेक्शने आणि मूठमूठ गोळ्या घेतल्या असतील, लोकांनी वेगळे ठेवलेले पेलेही पाहिले असतील. त्यांना 'तुमचे म्हणणे खरे ठरावे म्हणूनच एकदा मोजून घेऊ' असे म्हणून पाहा. हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख छातीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मधल्या काळात थुंकीतून रक्त पडले, आवाज बसला तो सुधारेना किंवा वजन उतरू लागले, तर तीन महिन्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात: 'सीटी स्कोर नऊ.' ताई, स्कोर होता म्हणजे २०२१ मध्ये त्यांच्या छातीचा सीटी झाला होता! त्या एप्रिल-मे महिन्यांत इंदुरात किती जण रांगा लावून एचआरसीटी करून घेत होते, ते आपण दोघांनीही पाहिले आहे. तेव्हा सगळ्यांचे लक्ष पंचवीसपैकी किती गुण आले याकडे होते, एखाद्या बारीक गाठीचा उल्लेख अहवालात राहून गेला असणे सहज शक्य आहे. तो सीटी मिळाला, तर जगातल्या कोणत्याही रक्तचाचणीपेक्षा तो अधिक सांगेल. हीच गाठ तेव्हाही तेवढीच असेल, तर दोन वर्षांहून अधिक काळ न वाढलेली घन गाठ म्हणून डॉक्टर तिला बहुधा साधीच ठरवतील, आणि सुई, पेट, अमेरिका हे सारेच बाजूला पडेल. तेव्हा ती लहान असेल किंवा नसेलच, तर तीन महिनेही न थांबता पुढची तपासणी करावी लागेल.

तेव्हा आज संध्याकाळीच कपाटाच्या वरच्या खणात, माळ्यावर, करोनाच्या कागदांच्या पिशवीत शोधा. छापलेली फिल्म सापडली तर ठेवाच, पण तिच्यासोबतची सीडी अधिक मोलाची आहे, कारण तिच्यात बारीक काप असतात आणि गाठ पुन्हा मोजता येते. सीडी सापडली नाही, तर जिथे स्कॅन झाला त्या केंद्रात नाव आणि अंदाजे तारीख घेऊन जा. त्यांच्या संगणकात ती प्रतिमा अजून असू शकते. बँकेच्या वैद्यकीय तपासणीचे किंवा टी.बी.च्या काळातले एक्स-रेही हाती लागले, तर त्याच पिशवीत ठेवा. ११ मिलीमीटरची गाठ एक्स-रेमध्ये कधी दिसते, कधी दिसत नाही, पण दिसली तर तोही पुरावा आहे. नवा सीटी शक्यतो त्याच यंत्रावर, बारीक कापांचा, कमी मात्रेचा करायला सांगा आणि ही पिशवी घेऊन आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा. तिथे काय निघाले, ते मला अवश्य कळवा.